खिशातला राजीनामा

मी राजीनामा दिला आणि तो मंजूर झाला. चूक एवढीच.

मराठी वाचकाला यातली चूक समजावून सांगायला नको. आपल्याकडे मंडळाचा अध्यक्ष राजीनामा देतो तो काही मंजूर व्हावा म्हणून नाही. वार्षिक सभेत भाषणाच्या शेवटी आवाज जरा खाली आणायचा, "आता नव्या रक्ताला वाव मिळायला हवा" असं म्हणायचं, चष्मा काढून पुसायचा, आणि आपण चष्मा पुसतोय तोवर सभागृहातून "छे छे, तुम्हीच हवे!" असा गलका व्हायचा. मग "तुमचा एवढा आग्रहच आहे तर..." असं पुटपुटत पुन्हा वर्षभरासाठी खाली बसायचं. क्राइस्टचर्चमधल्या आमच्या छोट्याशा मराठी मंडळात मी सहा वर्षं हा कार्यक्रम बिनचूक पार पाडला होता. सातव्या वर्षी तो मी एका अशा गृहस्थासमोर केला, ज्यांना राजीनामा म्हणजे राजीनामा एवढाच अर्थ ठाऊक होता.

हे गृहस्थ म्हणजे आमचे घरमालक. फिनलंडचे माजी शिक्षणमंत्री.

क्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागात, युनिव्हर्सिटीच्या अलीकडे आम्ही राहायचो ते घर त्यांचं. पुढच्या घरात आम्ही आणि मागच्या अंगणात बांधलेल्या दोन खोल्यांत ते. बायको वारली, मुलगी इकडे न्यूझीलंडमध्ये गुरांची डॉक्टर, म्हणून सत्तरी ओलांडल्यावर ते इकडे आले. पहिले सहा महिने आम्ही त्यांना निवृत्त सुतार समजत होतो. दिवसभर रंधा चालू. एकदा माझी बायको मेधा करंज्या द्यायला गेली आणि परत आली ती डोळे मोठे करूनच.

"अरे, ते मंत्री होते!"

"कोण सांगतं?"

"फोटो आहे. सगळं मंत्रिमंडळ पायऱ्यांवर उभं आहे, आणि हे मागच्या रांगेत."

"भिंतीवर लावलाय?"

"संडासात."

मी खात्री करून घ्यायला मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन संडास वापरला. फोटो होता. चांगली काळी चौकट, काच पुसलेली. बाहेर आल्यावर मी विचारलं, असा फोटो बैठकीत नको का? ते म्हणाले, "तिथे बसलेला माणूस कुणावर छाप पाडायच्या स्थितीत नसतो. मंत्रिमंडळ बघायची तीच योग्य जागा."

ते इंग्रजीत बोलायचे, सावकाश, प्रत्येक शब्द जमिनीवर ठेवून बघितल्यासारखे. मी ते इथे मराठीत लिहितोय आणि त्यांच्या तोंडी मला 'तू' घालतोय. सूर तोच होता.

त्या दिवसापासून मी त्यांना 'मिनिस्टर' म्हणायला लागलो. या देशात पंतप्रधानालाही लोक पहिल्या नावाने हाक मारतात. कोपऱ्यावरच्या डेअरीतला, म्हणजे दूध-पाव विकणाऱ्या दुकानातला माणूस यांना नावाने हाक मारून वर खांद्यावर थाप मारायचा. मला ते बघवत नसे. मी ऑफिसात पहिल्या दिवशी साहेबाला 'सर' म्हणालो होतो, तर साहेब मागे वळून कोण आलंय ते बघायला लागला होता. इतक्या वर्षांनी खराखुरा मंत्री सापडला होता, मी कसा सोडीन?

"मी मंत्री नाही," ते म्हणाले. "चौदा महिने होतो."

"आमच्याकडे एकदा झाला की कायमचा मंत्री."

ते विचारात पडले. मग म्हणाले, "मग तुमच्याकडे मंत्री फार साठले असतील."

"बरेच साठलेत," मी कबूल केलं.

ते विचारात पडले असं वर एका वाक्यात लिहून टाकलं, पण तो प्रकार साधा नव्हता. त्यांना काही विचारलं की उत्तर येईपर्यंत हातातला चहा निवायचा. मला शांतता सोसत नाही, भोक दिसलं की मी बोलून बुजवतो. एकदा मी त्यांना सांगितलं, "स्वयंपाकघरातला नळ गळतोय." ते गप्प. "म्हणजे तसा फार नाही," मी म्हणालो. ते गप्प. "वॉशर मीच बदलला तरी चालेल." गप्प. "शनिवारी बदलतो." यावर त्यांनी मान हलवली. शनिवारी ते नवाकोरा नळ घेऊन दारात उभे, आणि मी सिंकखाली पाठीवर पडून चिंब भिजलेला. मी पेशाने पाण्याच्या पाइपांचा इंजिनियर आहे हे इथे सांगायला नको होतं, पण आता सांगितलं.

"मी फक्त आठवत होतो, नळ अर्ध्या इंचाचा की पाऊण," ते म्हणाले. मग माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसून पाना हातात घेत त्यांनी सांगितलं, की संसदेतही असंच व्हायचं. ते उत्तर शोधत असायचे आणि तेवढ्यात विरोधी पक्ष स्वतःच तडजोड सुचवून मोकळा व्हायचा. लोक त्यांना मोठे मुत्सद्दी समजत.

फिनलंडचा माणूस म्हटल्यावर मला वाटलं होतं, बागेत सॉना बांधतील, आपल्यालाही घाम काढायला बोलावतील. मी तशी मनाची तयारीही केली होती. त्यांना सॉना अजिबात आवडत नसे. आत गुदमरायला व्हायचं. ही गोष्ट त्यांनी सगळ्या राजकीय आयुष्यात मतदारांपासून लपवून ठेवली होती आणि मला सांगताना त्यांनी खिडकी लावून घेतली.

राजकारणात ते कसे पडले? वडील पोस्टमन. गावातली सगळी घरं लहानपणापासून पायाखालची. पहिल्या निवडणुकीला त्यांनी हिवाळ्यात बर्फावरून स्कीवर घसरत घरोघर जाऊन प्रचार केला. प्रत्येक घरात कॉफी. नाही म्हणणं अपमानाचं. संध्याकाळपर्यंत इतकी कॉफी व्हायची की हात थरथरायचे, आणि लोकांना वाटायचं, बघा, पोरगा किती कळकळीने बोलतोय. निवडून आले. मग ग्रामपंचायतीतून संसदेत. संसदेत शेवटच्या रांगेत बसून त्यांनी एकच विषय लावून धरला, तो म्हणजे बसथांब्यावरची बाकं. आडगावच्या थांब्यावर म्हाताऱ्या बायका बर्फात उभ्या असतात, तिथे बसायला बाक हवं. वर्षानुवर्षं दर अधिवेशनात बाक. लोक हसायचे. शेवटी सरकारने कंटाळून बाकं बसवली.

"बाक नसलेला थांबा म्हणजे नुसता खांब," ते म्हणायचे. "खांब रोवायला सरकार लागत नाही."

रिकार्टनमध्येही त्यांची ही तपासणी चालूच होती. नवं बाक दिसलं की जाऊन बसायचे. बस यायची, थांबायची, दार उघडायचं. हे हात हलवून तिला पुढे पाठवायचे. बाक किती उतरतं आहे, पावसाचं पाणी त्यावर साठतं का, पाठीला टेकू कुठे लागतो हे वहीत लिहायचे आणि नगरपालिकेला पत्र धाडायचे. ड्रायव्हर लोकांना ते इतके पाठ झाले होते की काही जण दार न उघडताच हॉर्न देऊन जायचे.

एकदा मी विचारलं, "मंत्री झाल्यावर पहिलं काम काय केलंत?" मला वाटलं, शाळा, पुस्तकं, काहीतरी ऐकायला मिळेल.

"राजीनामा लिहिला."

"पहिल्याच दिवशी?"

"शपथ घ्यायच्या आधी. तारखेची जागा मोकळी सोडली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. खुर्चीत बसण्यापूर्वी दार कुठे आहे ते बघून ठेवावं."

खिशात राजीनामा घेऊन फिरणारे मंत्री आपल्याकडेही होऊन गेले. दर महिन्याला तसं जाहीर करायचे. तो खिसा मात्र कुणी बघितलेला नाही. मी हे त्यांना सांगितलं तर ते हसले नाहीत, काळजीने म्हणाले, "कोट धुवायला जात असेल."

तर या माणसाला मंडळाचा निवडणूक अधिकारी करायची कल्पना माझी. मेधा म्हणाली, "त्यांना कशाला त्रास? बिनविरोध तर असते निवडणूक." तिला यातली शान कळत नव्हती. आजवर आमच्या सभेला फार तर एखाद्याची पुण्याहून आलेली सासू पाहुणी म्हणून लाभली होती. इथे युरोपातल्या देशाचा माजी मंत्री मंचावर बसणार आणि त्याच्या साक्षीने मी पुन्हा अध्यक्ष होणार.

त्यांनी ते काम घेतलं ते मंत्रिपद घ्यावं तसं. प्रथम मंडळाच्या घटनेची प्रत मागितली. ही घटना पुण्यातल्या आमच्या हाउसिंग सोसायटीच्या नियमावलीवरून मीच इंग्रजीत उतरवून काढली होती, आणि कुणीही, माझ्यासकट, ती वाचली नव्हती. दोन दिवसांनी ते आले. पानोपानी खुणा.

"कलम नऊ. लिफ्टमध्ये सामान ठेवू नये. तुमच्या मंडळाची लिफ्ट कुठे आहे?"

"ते... राहून गेलंय."

"कलम बारा. सभेत तोंडी दिलेला राजीनामा निवडणूक अधिकाऱ्याने स्वीकारताच लागू होईल. हेही राहून गेलंय?"

"नाही नाही, ते बरोबर आहे," मी म्हणालो. पाहुण्यासमोर घटनेची आणखी किती कलमं नाकारणार?

मग ते पुन्हा रंधा चालवायला लागले. आठ दिवसांनी त्यांनी मतपेटी दाखवली. प्लायवूडची, कडा गोल केलेली, फट पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेली. बिनविरोध निवडणुकीत पेटी लागत नाही हे मी सांगणार होतो, पण त्यांच्या हाताला लागलेला भुसा बघून गप्प राहिलो. मी गप्प राहिल्याचे जे काही मोजके प्रसंग आहेत त्यांतला हा एक.

सभा रविवारी दुपारी, एका शाळेच्या हॉलमध्ये. मागच्या किचनमध्ये बटाटेवडे. माझ्या बाजूने सगळी व्यवस्था चोख होती. "छे छे" ओरडायचं काम दर वर्षीप्रमाणे आमच्या खजिनदाराकडे, जोगळेकरकडे. त्याचा आवाज मोठा, आणि एकाने सुरुवात केली की बाकीचे ओढले जातात. मंत्रीसाहेब मंचावर, कोट-टाय घालून, पेटी पुढ्यात. शेजारी मेधा, माझ्या भाषणाचं इंग्रजी करून त्यांच्या कानात सांगायला.

भाषण रंगलं. गणपतीला वाढलेली गर्दी, दिवाळीचा फराळ, सगळं सांगून झालं. मागे तिसऱ्या रांगेत सुजाता गायकवाड बसली होती. हॉस्पिटलात एक्स-रे काढते. नागपूरची. गेली चार वर्षं ती सभेत उठून तेच दोन मुद्दे मांडायची. मंडळाने भीमजयंती साजरी करावी, आणि रविवारी मुलांसाठी मराठीचा वर्ग काढावा. "माझी मुलगी आजीशी फोनवर इंग्रजीत बोलते आणि आजी नुसती मान हलवते, फोनवर," असं तिने एकदा सांगितलं होतं. मी दर वर्षी म्हणायचो, "विचाराधीन आहे." त्याही दिवशी तिचा हात वर गेलेला मी बघितला आणि म्हणालो, "विचाराधीन आहे."

मग आवाज खाली आणला. "मित्रहो, सहा वर्षं झाली. आता नव्या रक्ताला वाव मिळायला हवा. मी आज या पदाचा राजीनामा देत आहे." आणि चष्मा काढून पुसायला लागलो.

काही झालं नाही.

मी दुसरी काच पुसायला घेतली. नंतर कळलं ते असं. किचनमध्ये तेल तापून धूर झाला होता, आणि इथल्या हॉलमध्ये धुराचा अलार्म एकदा वाजला की बंब येतो आणि हॉल परत मिळत नाही. म्हणून जोगळेकर त्या क्षणी स्टुलावर उभा राहून छताकडे टॉवेल हलवत होता.

चष्मा नसल्यामुळे मला समोरचं धूसर दिसत होतं. मेधा मंत्रीसाहेबांच्या कानाशी वाकलेली तेवढी दिसली. आणि मग ते उठले. भाषांतर थोडं सैल करायला काय झालं होतं, असं मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "तू जे बोललास ते सांगितलं. पदरचं कशाला घालू?"

मंत्रीसाहेब उभे राहिले आणि गप्प राहिले. त्यांच्या त्या गप्प राहण्याने हॉलमधली मुलंसुद्धा शांत झाली. मग बोलले.

"माझी बायको एका बेटावरच्या शाळेत शिक्षिका होती. शाळेत अकरा मुलं. मी त्या गावच्या सभेत उभा राहून म्हणालो होतो, मी मंत्री असेपर्यंत ही शाळा बंद होणार नाही. वर्षभराने आमच्याच सरकारने बंद करायच्या लहान शाळांची यादी केली. तिच्यात ती होती. मी मंत्रिमंडळात भांडलो, हरलो. खिशातून कागद काढला, तारीख घातली, पंतप्रधानांच्या टेबलावर ठेवला आणि मागे न बघता बाहेर पडलो."

"शाळा वाचली का?" कुणीतरी विचारलं.

"नाही. तीन आठवड्यांनी बंद झाली. पण मी मंत्री असताना नाही."

कुणी हसलं नाही.

"लोक खुर्ची सोडत नाहीत. मी आयुष्यभर पाहिलं. आज तुमच्या अध्यक्षाने ती सोडली. कुणी मागितली नव्हती, कुणी ढकललं नव्हतं." त्यांनी पेटीवर हात ठेवला. "कलम बारानुसार मी हा राजीनामा स्वीकारतो. अतिशय आदराने."

आणि टाळ्या पडल्या. काय टाळ्या पडल्या! आधी तिसऱ्या रांगेतून, मग सगळीकडून, मग माणसं उभी राहिली. सहा वर्षांत गणपतीच्या आरतीलाही माणसं एवढ्या तत्परतेने उभी राहिली नव्हती. मी हात जोडून उभा. अशा टाळ्या वाजत असताना "अहो, मी आपलं सहज म्हणालो होतो" असं म्हणायला जी छाती लागते ती माझ्याकडे नाही.

तेवढ्यात जोगळेकर टॉवेल खांद्यावर टाकून धावत आला. काय झालंय ते त्याला कळेना, पण आपली वेळ चुकली एवढं कळलं. त्याने दारातूनच बोंब ठोकली, "छे छे! अध्यक्ष हेच! मी यांचंच नाव सुचवतो!"

मंत्रीसाहेबांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "ज्याने आत्ता एवढ्या सन्मानाने पद सोडलं, त्याला पुन्हा त्यात ओढणं हा त्याचा अपमान आहे." मग माझ्याकडे वळले. "हो ना?"

शांतता पडली. आणि शांतता पडली की माझं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

"हो हो," मी म्हणालो. "अपमानच. जोगळेकर, भलतंच काय!"

"दुसरं कुणी?"

"सुजाता गायकवाड," मंचावरून आवाज आला. माझ्या बायकोचा.

एकच उमेदवार, तरी त्यांनी चिठ्ठ्या वाटल्या. हो की नाही. पेटी हॉलभर फिरली. मोजणी झाली, एक चिठ्ठी सोडून सगळे 'हो'. ती एक 'नाही' माझीच असणार, असं पुष्कळांना वाटलं. माझीच होती.

दुसऱ्या दिवशी मंत्रीसाहेब दारात. हातात काळी चौकट, आत माझा फोटो. हात जोडलेला मी आणि समोर उभी माणसं. "कुठे लावायचा ते तुला माहीत आहे," ते म्हणाले.

पुढचे दहा दिवस मी त्यांना टाळत होतो. कचऱ्याचा डबासुद्धा ते घरात नसताना बाहेर नेऊन ठेवायचो. त्यांना वाटलं, पद गेल्याचं दुःख आहे, आणि ते जास्तच प्रेमाने वागायला लागले. दारात त्यांच्या बागेतले बटाटे ठेवलेले असायचे. हे बटाटेही सहज आलेले नव्हते. पहिल्या वर्षी त्यांनी जुन्या सवयीने घराच्या दक्षिण बाजूला वाफा केला होता. या गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं, वाफा वर्षभर सावलीत, बटाटा गोटीएवढा. मी तेव्हा "जागा उत्तम निवडलीत" म्हणून त्यांची तारीफ केली होती. आता मोठे, मातकट बटाटे, आणि सोबत चिठ्ठी: "पहिले तीन आठवडे वाईट असतात. माणूस सारखा फोनकडे बघतो. नंतर बरं वाटतं."

मी खरंच फोनकडे बघत होतो. मंडळाच्या ग्रुपवर सुजाताने मराठीच्या वर्गाची वेळ टाकली होती आणि खाली अंगठ्यांची रांग लागली होती.

शेवटी बटाटे सहन होईनात. एका शनिवारी सकाळी ते थांब्यावरच्या नव्या बाकाची तपासणी करत बसले होते, तिथे गेलो आणि शेजारी बसून सगळं सांगून टाकलं. चष्मा, जोगळेकर, टॉवेल, सगळं.

ते गप्प. बस आली. दार उघडलं. त्यांनी हात हलवला. बस गेली.

"म्हणजे तू खोटं बोललास?"

"खोटं नाही हो. पद्धत आहे."

"आणि ही पद्धत सगळ्यांना ठाऊक असते?"

"सगळ्यांना."

"मग बोलायचं कशाला?"

"ते 'नको' म्हणावेत म्हणून."

दुसरी बस आली. ड्रायव्हरने दार उघडून विचारलं, "ऑल गुड?" त्यांनी उत्तर दिलं नाही. मीच म्हणालो, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथल्या बोलीत सगळं झकास, आणि बस गेली. मला वाटलं, आता घर सोडायला सांगणार.

"मी मागे बघितलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"सभेत मी सांगितलं, मागे न बघता बाहेर पडलो. गेली तीस वर्षं तसंच सांगतो. मी दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा होतो. मला वाटलं, पंतप्रधान म्हणतील, थांब. मी वाट बघितली. मागे वळूनही बघितलं."

"मग?"

"ते म्हणाले, दार लावून घे, थंडी येते."

मी बाकावर जरा सरकून त्यांना जागा केली.

"घरी गेलो. बायकोला वाटेल अभिमान, असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, आता आत ओरडायला कोण राहिलं? शेवटपर्यंत ती याबद्दल दुसरं काही बोलली नाही." त्यांनी बाकाच्या फळीवरून हात फिरवला. "तेव्हा तू एकटा नाटकी नाहीस."

मग वही काढली. "इतिवृत्तात दोन चुका आहेत. दुरुस्त करायला हव्यात."

"मंत्रीसाहेब, कृपा करा!"

"तू जो राजीनामा दिला नाहीस तो मी स्वीकारला. त्यामुळे पुढची निवडणूकही रद्द ठरू शकते. तू पुन्हा अध्यक्ष होऊ शकतोस. मात्र तुझं खरं सांगावं लागेल. तुझी परवानगी असेल तरच."

सज्जन माणसाने इथे "नको, झालं ते चांगलं झालं" असं म्हटलं असतं. मी म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटत असेल तर सांगा." मी मनाशी हिशेब केला होता. हे त्यांच्या त्या जड आवाजात सांगतील, लोकांना वाईट वाटेल, आणि जोगळेकरचं ते "छे छे" दोन आठवडे उशिरा का होईना पण वाजेल. जोगळेकरला मी फोन करून ठेवला.

हल्ली मंत्रीसाहेब डनीडिनला मुलीकडे असतात. तिथल्या थांब्यांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही. पत्रं येतात. पण मला त्यांची आठवण येते ती त्या पुढच्या रविवारची, सुजाताच्या गराजमधली. कमिटीची बैठक तिथे होती. मराठीचा पहिला वर्ग नुकताच सुटलेला. दारात लहान लहान जँडल्स, म्हणजे रबरी चपला, अस्ताव्यस्त, फळ्यावर कुणीतरी काढलेला गाठोड्यासारखा 'ळ'. मंत्रीसाहेब तोच कोट घालून आले होते. बसा म्हटलं तरी उभे राहिले आणि वहीतून वाचलं.

"दुरुस्ती एक. माजी अध्यक्षांनी राजीनामा मनापासून दिला नव्हता. ही त्यांच्याकडची पद्धत होती, हे मला माहीत नव्हतं. चूक माझी. निवडणुकीचं काय करायचं ते कमिटीने ठरवावं. दुरुस्ती दोन. मी मागे न बघता बाहेर पडलो, असं मी सभेत सांगितलं. ते खरं नाही. मी मागे बघितलं होतं."

वही मिटली. हात थोडे थरथरत होते, आणि त्या दिवशी त्यांनी कॉफी घेतलेली नव्हती.

मी जोगळेकरकडे बघितलं. जोगळेकर फळ्यावरच्या 'ळ'कडे बघत होता. मी मान खाली घातली, चष्मा काढला आणि पुसायला लागलो.

सुजाता उठली. तिने मंत्रीसाहेबांना खुर्ची दिली, त्यांच्या शेजारी बसली आणि इंग्रजीत म्हणाली, "सर, तुमची दुरुस्ती लिहून घेते. शब्दशः. यांची लिहायची गरज नाही. हे मनापासून बोलत नाहीत ते आम्हाला दर वर्षी माहीत असायचं. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी यांचं बोलणं खरं धरलं, म्हणून तर आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या तुम्हाला होत्या."

मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "आणि दादा, चष्मा घाला आता. कुणी 'छे छे' म्हणणार नाहीये."